दोनशे सोळा सायटेशनांची माशी

"दोनशे सोळा," आमचे विभागप्रमुख कोळपे सर म्हणाले. आकडा जणू त्यांनीच वाढवला असावा, अशा समाधानाने त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दोनशे पंधरा, सर. एक पेपर दोनदा मोजला गेलाय."

"वेबसाइटवर किती दिसतंय?"

"दोनशे सोळा."

"मग दोनशे सोळा लिहा. वाघचौरे, तुम्हाला सहयोगी प्राध्यापक व्हायचंय की ऑडिटर?"

मी दोनशे सोळा लिहिलं. मुलाखतीला अकरा दिवस उरले होते आणि वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. आमच्या कृषी महाविद्यालयाने त्या वर्षी बढतीच्या अर्जाचा नवा नमुना काढला होता. तुमचा पेपर जगात ज्याने ज्याने संदर्भ म्हणून वापरला, त्या प्रत्येकाच्या लेखाचं पहिलं पान छापायचं, संदर्भाच्या यादीत आपलं नाव जिथे असेल त्या पानावर लाल रेघ मारायची, आणि याचे तीन संच करायचे. कीटकशास्त्र विभागाच्या प्रिंटरची शाई दोनदा संपली. तिसऱ्यांदा स्टोअरकीपरने मला विचारलं, "सर, पुस्तक काढताय का?" किडे बघायला म्हणून मी या विषयात आलो होतो. त्या महिन्यात मी एकही किडा पाहिला नाही, नुसत्या लाल रेघा मारल्या.

माझे एकूण तेवीस पेपर होते. त्यातल्या बावीस पेपरांना मिळून अठ्ठेचाळीस सायटेशनं, म्हणजे इतरांनी घेतलेले संदर्भ, होती, आणि उरलेल्या एकाला दोनशे सोळा. तो पेपर दोन हजार चारचा, म्हणजे तेव्हा नऊ वर्षांपूर्वीचा. सीताफळावर पिठ्या ढेकूण पडतो. पांढरा, कापसासारखा, फळाच्या खाचाखाचांत बसणारा. त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला आतून पोखरणारी दीड मिलिमीटरची एक माशी मला सापडली होती. लोक तिला माशी म्हणतात, पण ती गांधीलमाशीची नातलग. एका परदेशी जातीचं नाव देऊन मी लिहिलं होतं, की ही जात आपल्याकडेही आहे आणि देशातली ही तिची पहिली नोंद. तेव्हापासून पिठ्या ढेकणावर कुणीही काही लिहिलं, की पहिल्या परिच्छेदात 'वाघचौरे, २००४' आलंच. माझी सगळी नोकरी त्या दीड मिलिमीटरवर उभी होती.

दुपारी तीनला हसबनीस बाईंचा फोन आला.

डॉ. इंदुमती हसबनीस मला एम.एस्सी.ला शिकवायला होत्या. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, मिरजेला राहायच्या. चाळीस वर्षं त्यांनी मायक्रोस्कोपखाली अशाच बारक्या माश्या पाहिल्या आणि विज्ञानाला ठाऊक नसलेल्या एकतीस जातींना नावं दिली. त्यांची आयुष्यभराची सायटेशनं चाळिसाच्या आत होती. नाव देणाऱ्याचं असंच असतं. लोक किड्याचं नाव लिहितात, ते कुणी दिलं हे लिहीत नाहीत. एकदा मी उत्साहाने त्यांचं इंटरनेटवर प्रोफाइल करून दिलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं आणि विचारलं, "याचं काय करायचं असतं?"

"शेखर," त्या फोनवर म्हणाल्या, "तुझी माशी चुकलीय."

"कोणती माशी?"

"तुझी एकच तर आहे."

मी खुर्चीतून उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. कोळपे सरांचे कान तिखट.

"माझ्याकडे एका बागेतल्या माश्या आल्यात. तुझ्या पेपरातल्या चित्राशी तंतोतंत जुळतात. पण तू दिलेल्या जातीच्या त्या नाहीत. कदाचित वर्णनच न झालेली जात असेल. तुझे मूळ नमुने बघितल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही. पेटी घेऊन ये."

"बाई, मी मुलाखतीनंतर येतो. अकरा दिवस द्या."

"मी मंगळवारी टिपण पाठवतेय जर्नलला. त्याआधी ये. नाहीतर मला चित्रावरूनच लिहावं लागेल, ते मला आवडत नाही."

"बाई, ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अकरा दिवस थांबलं तर माशीला काय फरक पडणार आहे?"

"माशीला नाही पडणार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला इतका राग आला, की मी परत आत जाऊन चौदा लाल रेघा चुकीच्या पानांवर मारल्या.

रविवारी सकाळी पेटी मांडीवर घेऊन मी मिरजेच्या एसटीत बसलो. पेटीत टाचण्यांवर माश्या असतात, हिसका बसला की पाय-मिश्या तुटतात, त्यामुळे ती वर ठेवता येत नाही. कंडक्टरने तीनदा सांगितलं, "साहेब, ती वर टाका." तिसऱ्यांदा मी त्याला ओरडलो. बस थांबत थांबत चालली होती आणि मी मनात भाषण तयार करत होतो. तुमचं टिपण चार जण वाचतील, बाई, पण माझी बढती चार वर्षं मागे जाईल. चूक असेल तर मी मान्य करीन, पण मुलाखत झाल्यावर. यात अप्रामाणिक काय आहे? भाषण चांगलं झालं होतं. पेटी मी उघडून पाहिली नव्हती. कपाटातून काढली, धूळ पुसली, दोरी बांधली. बघायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. उत्तरेच्या खिडकीशी मायक्रोस्कोप आणि खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास. आत आणखी कुणी असेल असं मला वाटलं नव्हतं. पण खिडकीजवळच्या स्टुलावर तिशीतली एक बाई ताठ बसली होती, पायाशी स्टीलचा डबा.

"ही शमीम मुजावर," हसबनीस बाई म्हणाल्या. "सोलापूरकडून आलीय. सीताफळ बागायतदारांचा सहकारी संघ आहे, त्यांची मित्रकिड्यांची प्रयोगशाळा ही चालवते. माश्या हिनेच आणल्यात. शमीम, हा शेखर वाघचौरे."

ती उठून उभीच राहिली. "वाघचौरे सर? दोन हजार चारवाले?"

"हो."

"सर, तुमचा पेपर मला पाठ आहे. सत्तावीस अंश तापमान, पासष्ट टक्के आर्द्रता. खोलीच्या दारावर लिहून लावलंय मी."

मी काहीतरी पुटपुटलो. तयार केलेल्या भाषणात ही बाई नव्हती.

चहा होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. संघाने तिला एक खोली दिली होती. तिथे ती लाल भोपळ्यांवर पिठ्या ढेकूण वाढवायची आणि ढेकणांवर माशी. माझा पेपर वाचून तिने त्याच जातीची, परदेशातून आणलेली माशी बंगलोरहून मागवली, वाढवली आणि ढेकूण मारायला बागांत सोडली. प्रयोगशाळेत माशी छान वाढे. बागेत सोडली की आठ दिवसांत नाहीशी होई. असं तीन वर्षं चाललं.

"मला वाटलं माझाच हात वाईट आहे," ती म्हणाली. "तापमान चुकत असेल, म्हणून दर दोन तासांनी बघायचे. रविवारी पण जायचे. आमचे चेअरमन म्हणाले, कॉलेजचे शास्त्रज्ञ लिहितात ती इथे राहते, मग तुझ्याकडेच का मरते? शुक्रवारी संचालकांची बैठक आहे. खोली बंद करून मला खताच्या काउंटरवर बसवणार आहेत. त्याआधी बाईंना विचारावं म्हटलं, की माझं चुकतंय तरी काय."

"तिने शहाणपणा केला," बाई मला म्हणाल्या. "भोपळ्यावरच्या माश्या आणल्याच, पण बागेतले आपोआप वाळलेले ढेकूण गोळा करून त्यातून निघालेल्या माश्याही आणल्या. दोन वेगळ्या जाती आहेत. भोपळ्यावरची आहे ती खरंच तू लिहिलेली परदेशी जात. बागेत राहते ती दुसरी. आता तुझी बघू."

मी दोरी सोडली. त्यांनी चिमट्याने एक टाचणी उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवली, नीट केली, आणि बाजूला झाल्या. "बघ. मिशीचे मणी मोज. परदेशी जातीत टोकाकडून चौथा मणी पांढरा असतो."

मी डोळा लावला. मिशी दिसली, मणी दिसले. चौथा मणी काळा होता. दुसऱ्या टाचणीवरही काळा. मी पाचही नमुने पाहिले. पाहायची गरज नव्हती, पण मान वर करायची नव्हती म्हणून पाहिले.

"काळा आहे," मी म्हणालो.

"हं," बाई म्हणाल्या आणि पहिली टाचणी परत ठेवायला उचलली. टाचणीवर माशीच्या खाली दोन चिठ्ठ्या असतात. वरच्या चिठ्ठीवर गाव आणि तारीख, खालच्या चिठ्ठीवर जातीचं नाव. खालची वाचायला टाचणी तिरपी धरावी लागते. बाईंनी ती तिरपी धरली, भिंग लावलं आणि बराच वेळ वाचत राहिल्या. तीन शब्दांना तेवढा वेळ लागत नाही.

मग त्यांनी टाचणी जागेवर खोवली आणि पेटी बंद केली.

त्यांनी काय वाचलं ते मला ठाऊक होतं. माझ्याच अक्षरात परदेशी जातीचं नाव होतं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये मी चिठ्ठीवर ते प्रश्नचिन्ह लिहिलं, तेव्हा चौथा मणी मला दिसला होता. काळा दिसतोय, पण असेल थोडा फरक, असं वाटलं. बाईंना दाखवावं असं ठरवलं होतं. पण जर्नलचा अंक महिनाअखेरीस बंद होणार होता, बाई तेव्हा दौऱ्यावर होत्या, आणि प्रश्नचिन्ह लावलेल्या जातीची 'पहिली नोंद' कोण छापतं? पेपर टाइप करताना मी ते गाळलं. त्या एका बटणानंतर मी नऊ वर्षं पेटी उघडली नाही.

"टिपण मी दिवाळीनंतर पाठवते," बाई म्हणाल्या.

हेच मागायला मी आलो होतो. अडीच तास बसमध्ये बसून जे भाषण रचलं, ते न करताच मागणी मंजूर झाली होती, आणि मला संताप आला.

"तुम्हीच मंगळवार म्हणालात."

"तेव्हा मला वाटलं होतं, की तुला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्याला सांगणं माझं काम. ठाऊक असलेल्याला काय सांगायचं? आता तुझं तू बघ."

शमीम एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "सर, काय झालं?"

बाई उठून कप उचलू लागल्या. त्या सांगणार नव्हत्या, हे उघड होतं. निदान एवढं तरी त्यांनी माझ्यासाठी करावं, असं मला वाटलं, आणि त्याचाही राग आला.

"तुमचा हात वाईट नाही," मी शमीमला म्हणालो. "माझ्या पेपरातलं नाव चुकीचं आहे. बागेत राहते ती ही माशी नव्हेच. तुम्ही तीन वर्षं भलतीच माशी सोडलीत, मी लिहिलं म्हणून. आणि मला तेव्हाच शंका होती. चिठ्ठीवर मी प्रश्नचिन्ह केलं होतं. पेपरात काढून टाकलं."

तिला समजायला वेळ लागला नाही. समजलं ते तिच्या तोंडावर दिसलं.

"एक प्रश्नचिन्ह ठेवायला काय झालं होतं सर तुम्हाला?"

तिचा आवाज चढला नव्हता. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं तिने विचारलं. माझ्याकडे कारणं होती, अंक बंद होणार होता, बाई दौऱ्यावर होत्या.

"तुमची बैठक शुक्रवारी आहे ना," मी म्हणालो. "कागद द्या, बाई."

बाईंनी रेघांचे ताव दिले. मी संघाच्या संचालकांना पत्र लिहिलं. सोडलेली माशी बागेत टिकली नाही यात शमीम मुजावर यांच्या कामाचा दोष नाही. मी केलेल्या नोंदीत जातीची ओळख अनवधानाने चुकली होती. बागेत आधीपासून राहणारी माशी त्यांनी स्वतः शोधून आणली आहे आणि तिच्यावर काम करण्यासाठी प्रयोगशाळा चालू ठेवावी. खाली नाव, हुद्दा, सही.

शमीमने पत्र हातात घेऊन उभ्याने वाचलं. मग ते माझ्यापुढे ठेवून एका शब्दावर बोट टेकवलं.

"'अनवधानाने' लिहिलंय. ते काढा."

स्वयंपाकघरात कप विसळण्याचा आवाज थांबला.

मी तो शब्द खोडला. खोडलेलं पत्र चेअरमनपुढे बरं दिसणार नाही, म्हणून नवा ताव घेऊन सगळं पुन्हा लिहिलं, आणि त्या शब्दाच्या जागी लिहिलं, की मला शंका होती आणि मी ती नोंदवली नाही. तिने पत्राची घडी केली, डब्यात ठेवली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली. आभार मानले नाहीत. जाताना बाईंच्या पाया पडली, मला नुसती मान हलवली.

टिपण मंगळवारीच गेलं. बाईंबरोबर मीही लेखक होतो आणि चूक कबूल करणारं पहिलं वाक्य माझं होतं.

सोमवारीच मी कोळपे सरांना सांगितलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"वाघचौरे, लोक आपली चूक लपवतात. तुम्ही ती स्वतःच्या सहीनिशी संघाला पाठवता आणि वर छापायलाही देता. मुलाखत झाल्यावर द्यायची होती."

"सर, अर्जातून तो पेपर काढायचाय. किंवा निदान पुढे लिहायचंय, की ओळख चुकलीय."

त्यांनी कारकुनाला बोलावलं. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. अर्जांची मुदत शनिवारीच संपली होती. पेपर काढता येत नव्हता, कारण आकडे संगणकात गेले होते. 'शेरा' असा रकाना नव्हता. समासात लिहिलं तर अर्ज अवैध. मी दुसऱ्या कार्यालयात गेलो, तिथल्या बाईंनी मला पहिल्या कार्यालयात पाठवलं. दोन दिवस मी एक चूक कबूल करण्यासाठी जिने चढत-उतरत होतो आणि ती कबूल करून घ्यायला कुणाकडेच जागा नव्हती.

शेवटी मी ते मुलाखतीत सांगितलं. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी माझ्या तीन संचांपैकी एक पुढे ओढला. जाड होता.

"म्हणजे दोनशे सोळा लोकांनी उल्लेखलेला हा पेपर चुकीचा आहे, असं तुम्हीच म्हणताय?"

"माशीचं वर्णन बरोबर आहे. नाव चुकीचं आहे."

"मग हा अर्जात कशाला?"

"काढायला रकाना नव्हता."

समितीत दोघे हसले. तो विनोद नव्हता. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. चार वर्षांनी झाली, दुसऱ्याच कामावर. टिपणाला आजवर नऊ सायटेशनं मिळाली, आणि चुकीचा पेपर अजून जोरात चालतो. दर दोन-तीन आठवड्यांनी संगणक अभिनंदनाची मेल पाठवतो, मग मी त्या नव्या लेखकाला पत्र लिहितो, की कृपया हे नाव वापरू नका. बहुतेक उत्तर देत नाहीत. एकाने उत्तर दिलं होतं, की आमच्या संपादकांना मूळ संदर्भच हवा आहे.

संघाने शमीमची खोली बंद केली नाही. वर्षभराची मुदत दिली. तिने बागांतून वाळलेले ढेकूण गोळा करून आणले, त्यातून निघालेली माशी भोपळ्यावर वाढवायला घेतली. ती माशी अवघड निघाली, तीनदा मेली. मधल्या काळात तिने मला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कामापुरता. एकदा विचारलं, माश्यांना मध किती पातळ करून द्यायचा. एकदा म्हणाली, दारावरचं सत्तावीस अंश पुसलं, हिला चोवीस लागतं. ते सत्तावीस मी परदेशी जातीवरच्या लेखांतून उचललं होतं आणि दोनशे सोळा लोकांना सांगून बसलो होतो.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, मी वर्गावर असताना तिचा फोन आला. एरवी मी उचलला नसता.

"सर, बसली," ती म्हणाली. "सोडली त्या चारही बागांत. मी आत्ता बागेतच उभी आहे. सोडून चाळीस दिवस झाले. ढेकूण फुगून वाळलेत आणि प्रत्येकाला पाठीवर माशी बाहेर पडल्याचं गोल भोक आहे. कितीतरी आहेत सर, मोजायचं सोडून दिलं मी."

मी मुलांना पाच मिनिटं बसायला सांगून बाहेर आलो. पलीकडे पानं सळसळल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी तिला मागून हाका मारत होतं.

"सर, एक विचारायचं होतं. संघाचे लोक आलेत, रजिस्टरात लिहायचंय. हिचं नाव काय लिहू?"

हसबनीस बाईंचं काम अजून चालू होतं. त्यांनी तोवर चाळीस नमुने पाहिले होते आणि त्यांना आणखी हवे होते. ही नवी जात आहे की कुठल्या जुन्या जातीचंच रूप, हे त्या सांगायला तयार नव्हत्या. मी एकदा आडून विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला होता.

"अजून नाव नाही हिला," मी म्हणालो.

"मग रकान्यात काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिहा."

"तेच लिहू ना? 'माहीत नाही'?"

"तेच लिहा."

ती फोन तसाच धरून लिहीत असावी. मला थोडा वेळ नुसता पेनाचा आवाज ऐकू आला.